डाव्या हाताच्या पत्रावळी

रनाळे, ३ मार्च २०२५

जायचं तर माणसानं उंबऱ्यावर उभं राहून सांगावं, मागच्या दारानं चिठ्ठी टाकून पळू नये. पाच कॉलेजांची साखळी, एकोणीस वर्षं चाललेली, ती तू दोन ओळींत मोडलीस. त्या दोन ओळी काल मीटिंगमध्ये भूपेंद्रनं मोठ्यानं वाचल्या. "धडगावचा मुलींचा फुटबॉल संघ पुढील हंगामापासून साखळीत खेळणार नाही. कळावे." काय कळावे? मी पहिल्या बाकावर बसलेली, कारण ढाल माझ्या नवऱ्याच्या नावाची. शहाद्याचा, तळोद्याचा, खापरचा, तिन्ही मास्तर वळून माझ्याकडे पाहायला लागले, जशी माझ्याच घरची सून पळाली. पदर तोंडावर ओढून बाहेर आले. या वयात.

नवलसिंग, ओळख विसरला असशील तर सांगते. मी रनाळ्याची दगूबाई. चुडामण पाटलानं आमच्या कॉलेजच्या ग्राउंडवर तीस वर्षं चुना मारला आणि ही साखळी जमवली, त्याची बायको. तू धडगावच्या संघात खेळायचास तेव्हा माझ्या ओसरीवर जेवायचास. पुढे पोरं क्रिकेटला गेली, साखळीत पोरी राहिल्या, आणि तू त्यांचा मास्तर झालास. मास्तर झाल्यावर माणूस 'कळावे' लिहायला शिकतो हे मला माहीत नव्हतं.

माझी नात काजल, आमच्या संघाची गोलकीपर, म्हणते, आजी फोन कर. फोन नाही करत. फोनवर माणूस 'रेंज नाही' म्हणून सुटतो. कागदाला रेंज लागत नाही. मी चौथीपर्यंत शिकले, अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, पण खोटं लिहिताना हात अडखळतो एवढं तरी दिसतं. शहाद्यापर्यंत हे एस.टी.च्या कंडक्टरकडे देते, पुढे धुडकूच्या जीपवर येईल. उत्तरही तसंच पाठव.

इथं लोकांच्या तोंडाला झाकण नाही. कुणी म्हणतं, गुजरातकडची उच्छल-निझरची कॉलेजं आणि आपल्याकडची मिळून आठ संघांची नवी साखळी होते आहे, लाइटात सामने, मोबाइलवर दाखवणार. कुणी म्हणतं खापरवाल्यांनी नव्या साखळीचे लाल शर्टसुद्धा शिवायला टाकले. खापरचा मास्तर शपथ घेऊन सांगतो की ते शर्ट त्याच्या मेव्हण्याच्या बँडचे आहेत. शहाद्याचा म्हणतो, धडगाव नसेल तर आम्हीही धुळ्याकडे बघू. तळोदा कुणाकडेच बघत नाही, फक्त चहा पितो. आणि सगळ्याची सुरुवात तुझ्यापासून. चार संघ उरले तर ती साखळी कसली, ती बैलगाडीला लावलेली मोटारीची चाकं.

मला एवढंच सांग, आम्ही काय कमी केलं? आपल्या साखळीत हॉटेल नाही. पाहुण्या संघाला घरोघर वाटून जेवू घालतात, चिठ्ठ्या टाकून. पण धडगावचा संघ चिठ्ठीशिवाय माझ्याकडे, कारण मी तो मागून घेतला. वरण-बट्टी, घोटलेली वांगी, वर साजूक तूप. दुसऱ्या गावाच्या पोरी आल्या तर त्यांना रोजची घासलेली ताटं देते. तुमच्यासाठी मात्र दरवर्षी शहाद्याच्या बाजारातून शेकड्यानं कोऱ्या पत्रावळी मागवते. आणि त्याही वरच्या, घट्ट टाचलेल्या, वरणाचा थेंब गळत नाही. एवढं कोण करतं रे भाऊ?

घरातही डोकं फिरलेलं एक माणूस आहेच. काजल जानेवारीपासून ताटाला हात लावत नाही. तुमच्या सामन्याच्या उरलेल्या पत्रावळी काढते, त्यावर जेवते, जेवली की उकिरड्यावर टाकून येते. विचारलं तर म्हणते, पानावर चव लागते. तिचा आजाही असाच होता, तुम्ही आलात की तुमच्या पंगतीला पान घेऊन बसायचा. घरातली दोन माणसं, दोघांच्या तोंडाला चव नाही.

आठ दिवसांत उत्तर दे. 'कळावे' लिहू नको.

दगूबाई

•

धडगाव, १० मार्च २०२५

दगूमाय,

नमस्कार. तुमचं पत्र धुडकूनं हातात दिलं. सगळं वाचलं, दोनदा.

तुम्हाला मीटिंगमध्ये मान खाली घालावी लागली याचं वाईट वाटलं. तसा हेतू नव्हता. चुडामणदादांच्या ढालीचा अनादर करायचा नाही, हे तुम्ही मानाल असं वाटतं. मला पहिले बूट त्यांनीच घालून दिले होते, लेस कशी बांधायची तेही.

कारण विशेष नाही. घाटाचा रस्ता, येताना साडेतीन तास आणि जाताना चार. मुली थकतात. परीक्षाही जवळ असतात. एका मुलीला गाडी लागते. अशी सगळी मिळून अडचण झाली. नव्या साखळीचं मला काही ठाऊक नाही.

सध्या इकडे भोंगऱ्या बाजार भरतात, मग होळी. कॉलेज ओस पडलंय. म्हणून जास्त लिहीत नाही.

तुमची बट्टी चांगली असते.

काजलला सांगा, ममता तिची आठवण काढते. ममता म्हणजे आमची कप्तान, जिनं जानेवारीत काजलच्या डाव्या हाताखालून गोल मारला ती. आणि काजलला हेही सांगा की आता पुरे, तिनं ताटात जेवावं.

आपला,
नवलसिंग

•

रनाळे, १५ मार्च २०२५

घाट काय काल बांधला? एकोणीस वर्षं तोच घाट, तीच वळणं, आणि यंदाच तुझ्या पोरींना गाडी लागायला लागली. खोटं बोलावं तर जरा मेहनत करून बोलावं. तुझ्या पत्रात चार कारणं आहेत. ज्याच्याकडे एक खरं कारण असतं तो चार देत नाही.

आणि काजलला निरोप कसला देतोस, "आता पुरे"? माझ्या घरात कोण कशात जेवतं याचा निकाल धडगावहून लागणार का? मी तो निरोप तिला वाचून दाखवला. पोरगी लाल झाली, उठून गेली. तुमच्या दोघांचं काय शिजतंय ते मला कळत नाही, आणि माझ्या चुलीवर मला न विचारता शिजलेलं मला चालत नाही.

आता ऐक. काल धुळवडीला भूपेंद्र आला होता, चिटणीस आहे ना साखळीचा, त्याला सगळं आधी कळतं आणि अर्धं कळतं. तो म्हणाला, खापरच्या बाजारात बोलतात की नव्या साखळीवाल्यांनी नवलसिंगला आधीच गाठलं, बावीस जोड बूट दिले, खिळ्यांचे, खोक्यातले. म्हणून धडगाव पहिलं फुटलं. मी म्हटलं, नवल्या असा नाही. तो म्हणाला, "आजी, तुले काय म्हाईत, कोन कसा शे?"

तर मला माहीत करून दे. घेतले असतील तर घेतले लिही. पोरींच्या पायासाठी घेतले असतील तर मी शिव्या देईन आणि विसरेन. नसतील घेतले तर तसं लिही, मी भूपेंद्रच्या तोंडावर ते पत्र ठेवीन. पण गप्प बसलास तर मी खरं समजेन. मला गप्प माणूस वाचता येत नाही.

दगूबाई

•

रनाळे, २४ मार्च २०२५

नऊ दिवस झाले. धुडकू म्हणतो पत्र तुझ्या हातात दिलं, तू खिशात घातलंस, "बरं" म्हणालास. बरं तर बरं.

काल परत मीटिंग झाली. शहाद्याचा मास्तर उठला, धडगावनं साखळी का सोडली ते कळल्याशिवाय आम्ही पुढच्या वर्षाचं काही ठरवणार नाही म्हणाला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. धडगाव माझ्या ओसरीवरचं, म्हणून उत्तर मीच द्यायचं. मग मी उठले आणि सांगितलं. बूट घेतले त्यानं, बावीस जोड. मी त्याला दोनदा विचारलं, त्याच्यानं नाही म्हणवलं नाही.

असं सांगितलं मी. भूपेंद्रनं लिहून घेतलं. आता ते वहीत आहे.

तुला राग आला तर येऊ दे. मी तुला संधी दिली होती. लोकांसमोर किती वेळा गप्प बसायचं माणसानं, आणि काय म्हणून? माझ्या ओसरीवर जेवलेला संघ मला विचारल्याशिवाय उठून जातो, आणि गावातल्या बाया मला नळावर विचारतात, "काय व्हयनं दगूबाई, तुन्हा पाव्हना रुसनात का?"

काजल मीटिंगला आली होती. मी बोलायला लागले आणि ती मधेच उठून गेली. तेव्हापासून घरात तिचा आवाज नाही. तिचा बाप म्हणतो, परीक्षेचं टेन्शन असेल.

उत्तर दे किंवा देऊ नको. मी आपलं कळवलं. कळावे.

दगूबाई

•

धडगाव, ३० मार्च २०२५

सौ. दगूबाई चुडामण पाटील यांस,

तुमच्या मीटिंगमधली गोष्ट तीन दिवसांत घाट चढून आली. आमच्या प्राचार्यांनी मला बोलावलं. विचारलं, बाहेरच्या लोकांकडून वस्तू घेतल्या का, बूट कुठे आहेत. मी नाही म्हणालो. मुली दाराबाहेर उभ्या होत्या. त्यांनी आपणहून पायातले बूट काढून व्हरांड्यात ओळीनं मांडले. अकरा जोड. तिघींच्या बुटांचे तळ सुटलेले, सुतळीनं बांधलेले. ममताचा एक बूट सहा नंबरचा आणि एक सात नंबरचा, कारण ते दोन वेगळ्या मुलींनी टाकून दिलेले. प्राचार्य बघत राहिले, मग आत गेले. मुली अनवाणीच वर्गात गेल्या.

त्या दिवशी मी ठरवलं की आता लिहायचं.

मी गप्प होतो, कारण मला तुम्हाला दुखवायचं नव्हतं. चुडामणदादांमुळे. हे चुकलं असेल. आमच्या पावरा लोकांत आपल्याहून मोठ्या माणसाच्या तोंडावर त्याचं वाईट बोलत नाहीत. पण आमचं वाईट तुम्ही वहीत लिहिलं, म्हणून मी हे कागदावर लिहितो. मराठी माझ्या घरची भाषा नाही, चूकभूल असेल.

१२ जानेवारीला सामना संपल्यावर मुली तुमच्याकडे जेवल्या. तुमचा तांब्या रिकामा झाला. ममताला तहान लागली होती. काजल म्हणाली, आत जा, हंड्यातून घे. ममता आत गेली आणि तिनं पाणी घेतलं. मग आम्ही निघालो. चौकात गाडीत बसताना ममताला आठवलं की मोजे तुमच्या भिंतीवर वाळत राहिले. ती धावत परत आली. तुम्ही मोरीत बसला होता. हंड्यातलं सगळं पाणी ओतलं होतं आणि राखेनं हंडा घासत होता. आतून आणि बाहेरून. काजल तुमच्या मागे उभी होती. तिनं ममताला पाहिलं. तुमची पाठ होती.

ममतानं मोजे घेतले आणि गाडीत येऊन बसली. फेब्रुवारीत मी मुलींना विचारलं, पुढच्या वर्षी साखळी खेळायची ना? अकरा जणी नाही म्हणाल्या. कारण कुणी सांगेना. पुष्कळ दिवसांनी ममतानं सांगितलं.

नवी साखळी असेल किंवा नसेल, आम्हाला कुणी बोलावलेलं नाही. आम्ही कुठेही जात नाही. फक्त तुमच्याकडे येत नाही. ममताचं पुढचं वर्ष शेवटचं आहे. साखळी खेळली असती तर जिल्ह्याच्या निवडीला तिचं नाव गेलं असतं. हे तिला माहीत आहे. तरी ती नाही म्हणाली.

घाटाबद्दल तुम्ही विचारलं. घाट तोच आहे. पण एकोणीस वर्षांत एकही सामना धडगावला झाला नाही. चढायचा आणि उतरायचा दरवर्षी आम्हीच.

आणि पत्रावळी. माझी आई पळसाची पानं टाचून विकते. व्यापारी शेकड्यानं नेतो आणि शहाद्याच्या बाजारात विकतो. ती डावखुरी आहे. बाकीच्या बायकांची पानं एकावर एक उजवीकडे चढत जातात, तिची डावीकडे. पहिल्या वर्षी, मी एकोणीस वर्षांचा असताना, तुम्ही ओसरीवर माझ्यापुढे पान मांडलं आणि मी आईचा हात ओळखला. पलीकडच्या घरात शहाद्याची मुलं ताटात जेवत होती, ते दिसत होतं. चुडामणदादा आले, त्यांनी एक पान ओढलं आणि आमच्यात बसले. मग मला ताटं दिसेनाशी झाली. दादा होते तोवर आम्ही येत राहिलो ते त्यांच्या त्या बसण्यावर. ते जाऊन चार वर्षं झाली.

घरी जाऊन मी आईला सांगितलं, रनाळ्याला पाटलांच्या घरी तुझ्या पानावर जेवलो. तिला फार आनंद झाला. तेव्हापासून ती दर डिसेंबरात पन्नास पानं वेगळी काढून जास्त घट्ट टाचते, काड्या जवळजवळ घालते आणि व्यापाऱ्याच्या गठ्ठ्यात वर ठेवायला लावते. म्हणते, ही रनाळ्याच्या पाटलिणीकडे जातात, तिथं मानाची पंगत असते. मी तिला कधी काही सांगितलं नाही. यंदाही सांगितलेलं नाही. ती विचारते, साखळी का सोडली. मी तिला घाटाचं कारण दिलं आहे.

काजलवर रागावू नका.

नवलसिंग पावरा

•

रनाळे, १९ एप्रिल २०२५

नवलसिंग,

"सौ." लिहिलंस. मी विधवा आहे, तुला माहीत आहे, तू तिरडीला आला होतास. हात अडखळला असेल. मी खोडलं नाही, तसंच ठेवलंय.

तीन आठवडे लागले. पहिलं पत्र मी दुसऱ्याच दिवशी लिहिलं होतं. त्यात लिहिलं, मला माहीत नव्हतं, आमच्यात पूर्वीपासून असंच चालतं, सासूनं शिकवलं तसं मी केलं. वाचलं आणि फाडलं. दुसरं लिहिलं, त्यातही "माहीत नव्हतं" आलं. तेही चुलीत घातलं. माहीत होतं. घरात तीस ताटं असताना पत्रावळी आणायला मी शहाद्याला माणूस धाडते, ते काय माहीत नसताना? मानाचं पान म्हणून मी गावाला सांगितलं, तुला लिहिलं, आणि सांगता सांगता माझाच त्यावर विश्वास बसला. हंडा घासताना मात्र मान-बिन काही डोक्यात नव्हतं. तेव्हा मी दाराकडे पाठ करून बसले होते. या घरात मी पन्नास वर्षं भांडी घासते, नेहमी दाराकडे तोंड करून, येणारं-जाणारं दिसावं म्हणून. त्या दिवशी पाठ केली. यावरून काय ते समज.

माळ्यावर उरलेल्या पत्रावळी होत्या. काढून ओसरीवर मांडल्या. काजलनं अडीच-तीन महिने जेवून संपवल्या तरी सव्वीस होत्या. एकवीस डावीकडे चढलेल्या. काड्या इतक्या जवळ की नख शिरत नाही. इतकी वर्षं हातात घेतल्या, वरण वाढलं, वाखाणल्या, आणि त्या उलट्या चढतात हे दिसलं नाही. पाहिलंच नव्हतं.

काजलला हाक मारली. म्हटलं, "तू मले काबर नई सांगं?"

ती म्हणाली, "रोज दोन येळ सांगीच ऱ्हायनू ना आजी."

तिनं त्यातलं एक पान उचललं, स्वतःला वाढून घेतलं आणि जेवायला बसली. मीही एक घेतलं. तर म्हणते कशी, "तू नको. तुझं ते नाटक होईल." खरं बोलली. मी पान परत ठेवलं आणि त्या रात्री जेवले नाही. हे कौतुकासाठी लिहीत नाही. भूकच नव्हती.

तेरा तारखेला मी भूपेंद्रला मीटिंग बोलवायला लावली. चार कॉलेजांचे मास्तर आले. मी उठून सांगितलं, बूट-बिट काही नाही, ती मी लावलेली थाप होती, भूपेंद्रची ऐकीव आणि माझी पक्की केलेली. मग व्हरांड्यातल्या अकरा जोडांचं सांगितलं. मग पत्रावळींचं, मग हंड्याचं. हंड्याचं सांगताना पाणी मागितलं, आणि शिपायानं ग्लास आणून दिला तेव्हा तो हातात धरून मी उभीच राहिले. प्यायला झालं नाही.

भूपेंद्र म्हणाला, "आजी, हाई लिखानी काय गरज शे?" मी म्हटलं, बुटांचं लिहिताना गरज विचारली नाहीस. लिही. एक मास्तर, गावाचं नाव टाकत नाही, हळूच म्हणाला, आजी, सगळ्यांच्याच घरी थोडंफार असतं. मी म्हटलं, सगळ्यांचं सगळ्यांनी उठून सांगावं, मी माझं सांगतेय. तो उठला नाही. पण त्यानंतर त्यानं बिस्किटाला हात लावला नाही, तेवढं मी पाहिलं.

आता काय ठरलं ते. माझं घर पाहुण्यांच्या वाटणीतून मी काढून घेतलं. यापुढे कुठलाही संघ माझ्याकडे जेवणार नाही. ज्या हातानं वाढलं त्या हातानं आता ढाल पुसावी, बस. मी म्हटलं, एकोणीस वर्षं ते उतरले, एकदा आपण चढू. पुढच्या हंगामाचा पहिला सामना धडगावला, तुमच्या पोरी खेळणार असतील तर. नसतील तर नाही, आणि कुणी कारण विचारायचं नाही, कारण वहीत आहे. खापर लगेच हो म्हणालं. शहादा गाडीची चौकशी करतो म्हणालं, पण धुळ्याचं नाव काढलं नाही. तळोद्यानं चहा संपवला आणि मान हलवली. ती होकाराची की झोपेची, ते भूपेंद्रनं होकाराची लिहिली. तुम्ही खेळला नाहीत तरी ममताचं नाव निवडीला जायला हवं, त्यासाठी काय कागद लागतो ते चौघं मास्तर मिळून बघणार आहेत. ते बघतात की नाही ते मी बघणार आहे.

मी माफी मागत नाही. माफी मागितली की समोरच्याला ती द्यावी लागते, आणि तुम्ही लोक मोठ्यांच्या तोंडावर वाईट बोलत नाही, ते तूच लिहिलंस. अकरा पोरी आणि तू, बारा जणांकडून अशी वसूल करायची नाही मला. पोरींना एवढंच सांग की त्या बुटांबद्दल मी खोटं बोलले आणि भर मीटिंगमध्ये तसं म्हणाले.

पण तुझं एक माझ्याकडे आहे ते परत करते. तू एकोणीस वर्षं आईपासून लपवलंस. ते तुझं लपवणं नव्हतं, माझं होतं. तू फुकट वाहिलंस. आता ते मला वाहू दे. हे पत्र तिला वाचून दाखव. तिच्या भाषेत सांग, पण गोड करू नको. जिथे हंडा लिहिलाय तिथे हंडाच म्हण. रनाळ्याच्या पाटलिणीकडे मानाची पंगत नव्हती, हे तिला माझ्या तोंडून कळायला हवं. येत्या डिसेंबरात ती पन्नास पानं टाचायला बसायच्या आधी कळायला हवं.

आणि तिला विचार. सामना ठरला तर मी संघाच्या गाडीतून येईन, काजलच्या शेजारी बसून. घाटात मला गाडी लागेल, लागू दे. मी तिच्या दाराशी आले तर ती मला जेवू घालील का? घालणार असेल तर ताटात की पानावर, आत की ओट्यावर, ते तिनं ठरवावं. बाहेरच उभं करायचं असेल तरी सांगावं, मी भाकरी बांधून आणीन आणि गाडीत बसून खाईन. पाणीही घरचं आणीन.

या पत्राचं उत्तर तू लिहायचं नाही, नवलसिंग. तू परत घाटाचं कारण देशील. तुझ्या आईनं सांगायचं, ममतानं लिहायचं, आणि मधे तू तोंड घालायचं नाही. शिवी असेल तर शिवीसकट लिहू दे.

दगूबाई